उजवीकडून उघडणारे पुस्तक

काका,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हते, आणि बोलता येत होते ते माझ्या कानांना टोचेल असे. तरीही हे पत्र मी मराठीतच लिहीत आहे, कारण मनाचा गोंधळ उडालेला असताना निदान वाक्य तरी सरळ उभे राहावे, असा भरवसा मला दुसऱ्या कोणत्याही भाषेत वाटत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली आहेत की आज माझे वय तुमच्या अखेरच्या वयापेक्षाही बरेच अधिक आहे. 'काका' असे लिहिताना लेखणी क्षणभर थबकली ती त्यामुळे. पण तुम्हाला दुसरी हाक मी कधी मारलीच नाही. विचारायचे आहे ते एकच. ते चित्रांचे पुस्तक उजवीकडून उघडेल असे तुम्ही बांधलेत, ते हाताच्या सवयीने, की समजून उमजून?

प्रश्न जुना आहे. तो पुन्हा वर आला माझ्या नातीमुळे. आम्ही आता बदलापूरला, कात्रपमध्ये राहतो. नात महाविद्यालयात शिकते आणि भयकथा वाचते. जुन्या, नावाजलेल्या इंग्रजी भयकथा, पण नुसत्या अक्षरांत नव्हे, चित्रांत. गुळगुळीत कागदाची जाड पुस्तके असतात. त्यांना ती 'ग्राफिक नॉव्हेल' म्हणते. तसले एक पुस्तक ठेवायला जागा शोधताना तिने माझे कपाट उघडले आणि तुमचे पुस्तक तिच्या हाती लागले. मी तेव्हा स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून जेवत होतो.

"आजोबा! तुम्ही हॉरर वाचता? आणि वर मला ओरडता!"

"'मला ओरडता' नव्हे. 'माझ्यावर ओरडता'."

"बरं बाबा, माझ्यावर. पण हे सॉलिड आहे हां. जपानी मांगा कॉमिकसारखं, राइटकडून ओपन होतं. आणि तुम्ही परत उभ्याने जेवताय? बसा ना जरा."

मी तिला म्हणालो की पुस्तक जपानी नाही, इंग्रजी आहे. केवळ बांधणाऱ्याने ते... आणि तेथे मी थांबलो. मुलांची अपुरी वाक्ये तांबड्या शाईने पुरी करण्यात ज्याचा जन्म गेला, त्या मला हे एक वाक्य पुरे करता येईना. 'बांधणाऱ्याने ते चुकीचे बांधले आहे' हे विधान खरे आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. "मग सुरुवात कुठून करू?" तिने विचारले. मी भांडी घासण्याचे निमित्त काढले.

आपली ओळखही अशाच एका बांधणीवरून झाली होती, हे तुम्हाला आठवत असेल. मॅट्रिकची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. मोरिवलीत आमची भातशेती. वडिलांचा आग्रह असा की तोवर मी शेताचे बांध नीट करावेत, आणि माझा हट्ट असा की मी व्याकरण पक्के करावे. त्या व्याकरणाच्या पुस्तकाची पाने सुटली म्हणून मी ते घेऊन चालत उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये आलो. लष्कराच्या जुन्या बराकी, त्यांत गोणपाटाचे पडदे लावून पाडलेल्या खोल्या, सिंधहून आलेली माणसे, आणि रस्त्याच्या तोंडाशी तुमचे दुकान: पुस्तके दाबायचा एक शिकंजा, दाभण, सुताची गुंडी आणि मोरचूद घातलेल्या खळीचे निळसर भांडे. मोरचुदाने पुस्तकाला कसर लागत नाही, हे मला पुढे तुमच्याकडूनच कळले. मी पुस्तक घ्यायला आलो तेव्हा शिवण घट्ट होती, पुठ्ठा ताठ होता, कापडाची कड रेषेत होती. मात्र नावाची चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्यावर लावलेली होती. चिठ्ठी वर ठेवून पुस्तक धरले की कणा उजव्या हाताला येई, आणि उघडले की शेवटचे पान समोर! मी ओरडलो. तुम्ही पुस्तक हातात घेता, आपल्या बाजूने उघडता, मग माझ्या बाजूने उघडता, आणि तुमच्या पांढरट भुवया वर जातात.

"अड़े साईं! हमारी किताब तो इधर से खुलती है."

"पण हे मराठी पुस्तक आहे!"

"हाथ पुराना है, पुट. मुल्क नया है. हाथ को थोड़ा टाइम लगेगा."

मला 'पुट', म्हणजे बाळ, म्हणत तुम्ही चिठ्ठी ओली करून अलगद सोलून काढली आणि दुसऱ्या पुठ्ठ्यावर लावली. पुन्हा चूक होऊ नये म्हणून मी समोर बसून राहिलो. आणि बसलो तो निकाल लागेपर्यंत, नोकरी लागेपर्यंत, आणि नंतरही सुटीच्या दिवशी, येऊन बसतच राहिलो. तुम्ही मला दाभण धरायला शिकवलेत, मी तुम्हाला मराठी शिकवू लागलो. यातले पहिले काम सिद्धीस गेले.

"काका, 'मी गेला' नव्हे. 'मी गेलो'."

"गेला, गेलो. आदमी तो गया ना?"

"गेला तो 'तो'. 'मी' गेलो."

"तुम्हारे गाँव में बैल भी व्याकरण पूछ के चलता है क्या?"

शेजारचा शिंपी हसला, मीही नाइलाजाने हसलो. पडद्यामागे काकी होत्या. त्या हसल्या नाहीत. मी येऊ लागल्यापासून त्यांचा आवाज मी ऐकलेलाच नव्हता. कारण तुम्ही एकदा, पानांच्या घड्या घालता घालता, मान वर न करता सांगितलेत. कराचीच्या बंदरावर गर्दीत तुमची ताटातूट झाली. तुम्ही दोघे जहाजावर चढलात. तुमची मुलगी, तुमचे थोरले भाऊ आणि वहिनी मागे राहिली. ती तिघेही पुढच्या जहाजाने येणार होती. पुढची जहाजे आली, ती आली नाहीत. तेव्हापासून काकी स्वयंपाक करीत, तुम्हाला वाढीत, आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानेच दोन घास खात. ताटावर बसत नसत. "बोलती है, सब आएँगे तो बैठूँगी," तुम्ही म्हणालात. "मैंने बोलना छोड़ दिया. खा तो लेती है." पण त्यांचे मनगट दिवसेंदिवस बारीक होत होते, आणि तुम्ही घड्या घालताना पुन्हा पुन्हा पडद्याकडे पाहत होता, ते मला दिसत होते.

त्याच सुमारास रद्दीच्या एका गठ्ठ्यात ती रंगीत पाने आली. रद्दी तुम्ही पुठ्ठ्याच्या आतून चिकटवायला घेत असा आणि काकी ती निवडून देत. अशा पुस्तकांना तेव्हा 'कॉमिक' म्हणत. कॉमिक म्हणजे विनोदी, असे शब्दकोश सांगतो. त्या पानांत विनोद औषधालाही नव्हता. कोणती तरी जुनी इंग्रजी भयकथा चौकटीचौकटींतून चितारली होती. नावाचे पान गळालेले होते आणि ते नाव मला आजतागायत सापडलेले नाही. हिरवे चेहरे, जांभळे आकाश, काळे पाणी. मी ते पाहून नाक मुरडले. आणि पडद्यामागून एक आवाज आला, इतका मोठा की शिंप्याचे यंत्र थांबले.

"दर्यालाल!"

काकींच्या हातात एक पान होते. त्यावर एक होडी, होडीत पांढऱ्या दाढीचा, ओल्या अंगरख्याचा म्हातारा, आणि खाली पाण्यात चित्रकाराने जागा भरण्यासाठी काढलेला एक मासा. त्यांचे बोट त्या माशावर टेकलेले होते. तुमचा पाण्याचा देव तसाच असतो, हे तुम्ही मला समजावलेत: पांढरी दाढी, खाली मासा, नदीतून येणारा. बिचाऱ्या चित्रकाराला याची वार्ताही नसेल.

तुम्ही त्या दिवशी दुसरे काम हाती घेतले नाही. गठ्ठ्यातून सगळी पाने हुडकलीत, आकडे पाहून क्रमाने लावलीत, शिवलीत, निळे कापड चढवलेत. एक जादा फाटके पान होते. त्यातली होडी कापून तुम्ही तिची चिठ्ठी केलीत आणि पुठ्ठ्यावर लावलीत. मी दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा पुस्तक फळीवर दिव्यापाशी ठेवलेले होते आणि कणा उजवीकडे होता. व्याकरणाच्या पुस्तकानंतर तुम्ही मराठी वा इंग्रजी एकही पुस्तक तसे बांधले नव्हते. नंतरही बांधले नाहीत. हे एकच.

घरी मी हे सांगितले तेव्हा वडील हातातली विडी विसरले. "भुताच्या पुस्तकाला दिवा लावतान? घरान नको आणू र तसला काय!" मला ते हास्यास्पद वाटले, पण मी हसू शकलो नाही, कारण काकी रोज ते पुस्तक वाचू लागल्या होत्या. अक्षर ओळखत नव्हत्या, चित्रे पाहत. उजवीकडून उघडीत, प्रत्येक पानावर उजवीकडच्या चौकटीपासून डावीकडे जात, जसे तुमच्या सिंधी लिपीत सारेच वाचतात. पानांचे आकडे उतरत जात होते आणि गोष्ट मागे मागे येत होती.

इंग्रजी रीतीने, म्हणजे डावीकडून, ती गोष्ट अशी आहे. पाण्याकाठच्या एका घरात संध्याकाळी चौघे जेवायला बसलेली आहेत: घरधनी, त्याचा वृद्ध भाऊ, एक बाई, एक वेणी घातलेली मुलगी. दारावर थाप पडते. पांढऱ्या दाढीचा, भिजलेला पाहुणा आसरा मागतो. त्याला आत घेतात. त्यानंतर दर दिवशी टेबलापाशी एक खुर्ची रिकामी दिसते. अखेरीस घरधनी एकटा उरतो, घर टाकून होडीत बसून पळतो. नावाडी मान वळवतो, तो तोच पाहुणा. शेवटच्या चित्रात उघडी कबर आणि तिच्या काठावर एक हात.

आणि काकींची गोष्ट अशी होती. एका कबरीतून हात वर येतो. दर्यालाल त्या माणसाला होडीत घेतो, काळ्या पाण्यावरून घरी आणून पोचवतो. घर रिकामे आहे. पण दर्यालाल तेथे राहतो, आणि एकेक खुर्ची भरते. मुलगी येते, भाऊ येतो, बाई येते. मग म्हातारा दारातून भिजत निघून जातो, आणि दिवा लावून चौघे जेवायला बसतात.

मी इंग्रजी वाचू शकतो, हे काकींना ठाऊक होते. एका दुपारी मी आलो तेव्हा पुस्तक मांडीवर घेऊन त्या दुकानातच बसलेल्या होत्या. त्या मला थोड्या थट्टेने 'मास्तर' म्हणू लागल्या होत्या. पुढे मी खरोखरच मास्तर झालो.

"मास्तर, ये जो लिखा है, पढ़ के सुना. तस्वीर मैंने देखी. लिखा क्या है, वो बता."

त्यांच्या पहिल्या पानावर, म्हणजे गोष्टीच्या शेवटच्या पानावर, जे वाक्य होते ते मी पूर्वीच वाचलेले होते. खोटे वाचणे माझ्या स्वभावात नाही, तेव्हाही नव्हते. मी म्हणालो, "काकी, पहले एक बात. ये किताब असल में उलटी..."

"पहले पानी," तुम्ही म्हणालात. मध्येच, शिकंजा फिरवता फिरवता. पापड भाजून झाला, पाण्याचा पेला आला. तुमच्याकडे आल्यागेल्याला आधी पापड आणि पाणी, आणि तोवर कामाचे बोलायचे नाही, ही रीतच आहे; हे मला मान्य आहे. पण मी त्या घरी रोज येणारा. मला पाणी द्यायची रीत केव्हाच मागे पडली होती. काका, ती रीत होती की तुम्ही मला थांबवलेत?

पाणी पिऊन मी विचारले, "कहाँ से पढ़ूँ?" काकींनी पुठ्ठा उघडून दिला. "शुरू से."

मी वाचले. एकेका वाक्याचा अचूक अर्थ मोडक्या हिंदीत सांगत गेलो. "लिखा है, उस घर में फिर कोई लौट के नहीं आया."

काकींचा चेहरा दगडासारखा झाला. बाहेर हातगाडीवाला ओरडत होता. तेव्हा तुम्ही, शिकंज्यावरचा हात न काढता, म्हणालात:

"ये तो शुरू में लिखा है ना? शुरू में तो ऐसा ही था. पन्ना पलट."

मी पान उलटले. 'त्याने नावाड्याचा चेहरा ओळखला.' काकींनी मान डोलावली. त्यांनीही ओळखला होता. 'पाणी काळे होते आणि काठ दिसत नव्हता.' "हाँ," त्या म्हणाल्या, "ऐसा ही था." 'आता तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.' पान. 'आता दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.' पान. 'एक खुर्ची रिकामी होती.' काकींची बोटे एकेक करून मिटत होती. मी एकही शब्द बदलला नाही, गाळला नाही, पदरचा घातला नाही. शेवटी मी त्या पानावर आलो ज्याने लेखकाने गोष्टीची सुरुवात केली होती, आणि वाचले: 'ती संध्याकाळ इतर संध्याकाळींसारखीच होती. सगळे जेवायला बसले होते.'

"बस," काकी म्हणाल्या. "बस." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्या उठल्या, आत गेल्या, कढी-भात घेऊन आल्या आणि चटईवर ताटे मांडली. तुमचे, माझे, आणि तिसरे मांडून तेथे स्वतः बसल्या. मला म्हणाल्या, "खा, मास्तर. ठंडा हो जाएगा." तुम्ही घास हातात धरून इतका वेळ बसलात की तुमची कढी खरोखरच गार झाली.

नंतर कधी त्या उभ्याने जेवल्या नाहीत. आणि कराचीहून नंतर कधी कोणी आले नाही. ही दोन्ही विधाने खरी आहेत, आणि ती एकमेकांशेजारी कशी उभी राहतात हे मला समजत नाही. मी त्या दुपारी शुद्ध वाचले की अशुद्ध? प्रत्येक वाक्य बरोबर होते. क्रम तेवढा चुकला होता. मी पुढे वर्गात मुलांना बजावीत आलो की क्रम बदलला की अर्थ बदलतो. त्या प्रत्येक वेळी तुमचे दुकान डोळ्यांपुढे येत असे आणि खडू हातात तसाच राहत असे. काकींना सारे कळत होते का? 'शुरू में तो ऐसा ही था' हे तुम्ही भोळेपणाने म्हणालात, की ते वाक्य तुमच्यापाशी कधीपासून तयार होते? पाने तुम्ही आकडे पाहून लावली होतीत. एक हा आकडा कोणत्या टोकाला आहे, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

काकी गेल्यावर तुम्ही दुकान आवरत होता आणि ते पुस्तक मला दिलेत. "तू रख. तुझे दोनों तरफ़ से पढ़ना आता है." तेव्हा मी धीर करून विचारले होते, "काका, तुम्हाला माहीत होते?" तुम्ही म्हणालात, "पापड़ खाएगा?"

मी पापड खाल्ला. काय करणार?

परवा नात महाविद्यालयात गेल्यावर मी ते पुस्तक उजेडात धरले. दुसऱ्या पुठ्ठ्यावर, जेथे इंग्रजी पुस्तकाची चिठ्ठी असायला हवी, तेथे निळ्या कापडाचा एक चौकोन किंचित फिकट आहे. चिठ्ठी लावून ओल्या बोटाने सोलून काढावी, तसा. म्हणजे तुम्ही आधी बरोबर बाजूला लावलीत आणि मग विचार बदललात, असे मला वाटले. मग आठवले की तुम्ही जुने कापड आणि जुने पुठ्ठेही वापरत असा. तो डाग आधीच्या कोणत्या पुस्तकाचाही असू शकेल. तुमच्या हाताखाली शिकलेला मी, मलाही तो डाग वाचता येत नाही.

माझी पत्नी गेल्या वर्षी वारली. जेवणाचे टेबल चार खुर्च्यांचे आहे. मुलगा आणि सून कामावरून उशिरा येतात, नात येते तेव्हा येते. याहून अधिक त्याबद्दल लिहिणे मला जमत नाही. काल संध्याकाळी नातीने पुन्हा ते पुस्तक काढले आणि विचारले, "सांगा ना, कुठून वाचू?" मी म्हणालो, "उजवीकडून. मोठ्याने वाच. पाने उलटताना घाई करू नकोस." तिने वाचले. अधूनमधून तिला हसू येत होते; खुर्च्या भरू लागल्या तेव्हा थांबले. शेवटचे वाक्य वाचून ती म्हणाली, "पण आजोबा, हे तर हॉरर नाहीच आहे."

मी तिची चूक दुरुस्त केली नाही. ती चूक आहे की नाही, हे मला ठरवता आले नाही.

हे पत्र पाठवायचे कोठे? त्या बराकी आता नाहीत, आणि असत्या तरी तुम्हाला हे कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागले असते. मी ते पुस्तकातच ठेवीन, पहिल्या पानाशी. पहिले कोणते, ते ज्याचे त्याने ठरवावे. एवढेच सांगायचे राहिले की काल नातीने दोन ताटे घेतली, आणि मी बसून जेवलो.